खात्रीचा माल आणि महाडची एसटी

लॅमिंग्टन रोडवर माल घ्यायचा, पिशव्या सांभाळत मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोपर्यंत चालत यायचं आणि महाडची गाडी धरायची. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर या आमच्या पट्ट्यात सुरुवातीला जे थोडेफार जुळवलेले काँप्युटर आले, ते असेच आले. हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर आणि काचेचा पंधरा इंची मॉनिटर ड्रायव्हरच्या मागे, कंडक्टरची मनधरणी करून.

मी मूळचा याच खोऱ्यातला. बिरवाडी आणि महाडमध्ये लोकांना असेंबल्ड मशिन जुळवून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लॅमिंग्टन हा १९०३ ते १९०७ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. रस्त्याचं नाव बदलून डॉ. भडकमकर मार्ग झालं तरी टॅक्सीवाल्यांच्या तोंडी साहेबच राहिला. रेडिओचे सुटे भाग विकणारा हा बाजार पुढे काँप्युटरकडे वळला. १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञान मालाच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत २००५पर्यंत बहुतेक भागांवर शून्यावर आलं. मध्येच, २००१मध्ये एमकेसीएल हे संगणक-शिक्षणाचं महामंडळ स्थापन झालं. पाठोपाठ त्यांची एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरतेची परीक्षा आली आणि नोकरीच्या आशेने गावोगावच्या पोरांना घरी मशिन हवं झालं. कंपनीचं तयार मशिन परवडत नसे. मग आमच्यासारख्यांकडे यादी येई.

मुंबईकराला भाग बिघडला तर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडता येतं. आमचा अख्खा दिवस जाण्यायेण्यात मोडायचा, आणि पावसाळ्यात दरड आली तर तोही हिशेब चुकायचा. त्यामुळे भाग किती चांगला यापेक्षा तो बदलून कुठे मिळणार, बिलावर शिक्का आहे का, वितरकाचं स्टिकर कुणाचं, हे मी आधी पाही. नुकताच बाजारात आलेला बोर्ड मी घेतच नसे. सहा-आठ महिने मुंबईकरांनी वापरून शिव्या घातल्या नाहीत, की मग आमचा नंबर. इंटेलने स्वतः बनवलेल्या बोर्डाला आम्ही ‘ओरिजिनल’ म्हणायचो. तीन वर्षांची वॉरंटी होती आणि ती खरोखर मिळायची. पण ‘इंटेल बोर्ड’ सांगून फक्त इंटेलची चिप असलेला भलताच बोर्ड गळ्यात मारणारेही होते, म्हणून खोका उघडून बोर्डावरचा क्रमांक वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. २०१३ साली इंटेलने डेस्कटॉप बोर्डांतून अंग काढून घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा मला जवळचं माणूस गेल्यासारखं वाटलं. गिगाबाइट आणि आसूसवर विश्वास बसायला वेळ लागला.

गिऱ्हाईक विचारायचं प्रोसेसरचं, आणि प्रोसेसर तर सहसा बिघडतच नाही. बिघडायचा तो एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ४०० वॅट छापलेलं असे. तो हातात नारळासारखा तोलून पाहायचा. हलका लागला तर आत तांबं कमी, ॲल्युमिनियमची पट्टी पातळ आणि गाळणीचे भाग लावलेलेच नाहीत असं समजायचं. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की व्होल्टेज १८०च्या खाली उतरायचं, आणि लोडशेडिंगनंतर वीज परतायची ती झटका देतच. एवढं सोसणारा डबा महाग असे. त्यासाठी मी गिऱ्हाइकाला ग्राफिक कार्ड सोडायला लावायचो आणि वाईटपणा घ्यायचो.

त्यातही अर्थिंगचा विषय निघाला की लोक कंटाळायचे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार तर ठरलेली. एसएमपीएसमध्ये विजेच्या दोन्ही तारांपासून पत्र्याकडे एकेक छोटा कॅपॅसिटर गेलेला असतो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, सुमारे ११५ व्होल्ट, येऊन बसतो. प्रवाह अगदी थोडा म्हणून माणसाला काही होत नाही, पण चालू मशिनला प्रिंटरची केबल लावायला जावं तर पोर्ट जळतो. उपाय जुनाच: खड्डा, मीठ, कोळसा, पत्रा, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी.

पोर्टाचं महत्त्व लग्नपत्रिका छापणाऱ्यांना विचारा. श्रीलिपीसारख्या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरबरोबर एक डोंगल येई आणि ते जुन्या रुंद पॅरलल पोर्टात बसे. त्याशिवाय एक अक्षर उमटायचं नाही. नव्या बोर्डांवरून तो पोर्ट गायब होऊ लागला तेव्हा महाडचे छापखानेवाले वेग, मेमरी काही न विचारता ‘रुंद पोर्ट आहे का’ एवढंच विचारायचे.

पावसाळ्याचं काय सांगू! रॅम काढून तिची सोनेरी टोकं खोडरबरने घासली की निम्मी बंद मशिनं सुरू व्हायची. ही ओल इथली जुनीच. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला तो इथल्याच शिवथरघळीत, धबधब्याशेजारी. तो लिहून घेणाऱ्या कल्याणस्वामींच्या हातची प्रत मात्र दूर, परांड्याकडच्या कोरड्या डोमगावात जपलेली आहे असं सांगतात. कागदाचंही नशीब लागतं. मे महिन्यातल्या विजा टेलिफोनच्या तारेतून मोडेममध्ये उतरत. २००२ ते २००५च्या सुमारास तैवानी बनावटीच्या सदोष कॅपॅसिटरांची साथ जगभर होती. डोकी फुगलेले, तपकिरी रस गळणारे ते बोर्ड आमच्याकडेही आले. गिऱ्हाइकांना वाटायचं ओल लागली, आणि मी ओलीला निर्दोष ठरवत बसायचो.

२०११च्या ऑक्टोबरात थायलंडला पूर आला, वेस्टर्न डिजिटलचे कारखाने बुडाले आणि हार्ड डिस्कचे भाव बघता बघता दुप्पट झाले. पुराने भाव वाढतो हे महाडकरांना समजावावं लागलं नाही. मग २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी बाजारपेठेत शिरल्या, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. तेव्हा काँप्युटरची आठवण कुणाला असणार? चिखलाने भरलेले कॅबिनेट नंतर येऊ लागले. बोर्ड साध्या पाण्याने धुऊन, मऊ ब्रशने गाळ काढून, पूर्ण वाळवून काही चालू झाले. एसएमपीएस मी एकही परत लावला नाही. जुन्या फिरत्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, तिथून पाणी आत गेलेलं. एसएसडी मात्र पुसून लावल्यावर बऱ्याच जिवंत निघाल्या, आणि त्यांतले हिशेब परत मिळाल्यावर एका दुकानदाराने चक्क पेढे आणले.

आता भाग कुरियरने येतात. पोरं मोबाईलवर यादी पाठवतात, वरती ग्राफिक कार्ड, तळाला एसएमपीएस. मी उलट विचारतो: घराला अर्थिंग आहे का, मशिन किती उंचीवर ठेवणार आणि बदलून द्यायला कंपनीचा माणूस बिरवाडीपर्यंत येतो की महाडलाच बोलावतो.