शिव्या आणि शिट्ट्या

कलावंताला दोन जाच जुनेच : निंदकाची शिवी आणि आगंतुक चाहत्याची शिट्टी. शाळेत मी पठ्ठे बापूरावांची गोष्ट सांगतो, ती याचसाठी. त्यांचे गाव रेठरे हरणाक्ष. तेव्हा साताऱ्यात, आज सांगली जिल्ह्यात. १८६६ साली कुलकर्ण्यांच्या घरी जन्मलेला हा श्रीधर तमाशात गेला, महार समाजातल्या पवळेबरोबर फडात उभा राहिला. जातीने वाळीत टाकले. बघे लावणी सोडून जोडीकडेच पाहू लागले. दोघांनाही उत्तर एकच : नवी लावणी, आणि तिच्या अखेरीस गुंफलेले स्वतःचे नाव. त्या नावाने पोट भरले नाही. १९४५ साली ते विपन्नावस्थेतच वारले. पण वाचकहो, निंदकांपैकी एकाचे तरी नाव कुणी गाते काय?