देस्तँ

देस्तँ : दुर्मिळ फ्रेंच आडनाव. दक्षिण फ्रान्समध्ये, आव्हेरों प्रांतात लो नदीकाठी एस्तँ हे गाव आहे. तिथल्या सरदार घराण्याने गावावरूनच हे नाव घेतले. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच आरमाराची तुकडी घेऊन गेलेले शार्ल आंरी देस्तँ यांचा १७९४ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, गिलोटिनवर शिरच्छेद झाला. त्यांच्यामागे वारस मुलगा नव्हता. पुढे १९२२ मध्ये एदमाँ जिस्कार यांनी सरकारी मंजुरीने हे नाव आपल्या आडनावाला जोडले. त्यांचे पुत्र व्हालेरी जिस्कार देस्तँ १९७४ ते १९८१ या काळात राष्ट्राध्यक्ष होते. पूर्वजाचे आडनाव लोप पावू नये म्हणून नाव बदलण्याची मुभा १९९३ च्या फ्रेंच कायद्यातही आहे. एस्तँचा किल्ला २००५ मध्ये जिस्कार देस्तँ कुटुंबाने विकत घेतला.