शिवणीतली माया



मागच्या पर्युषणात सासूबाई व्याख्यानाला यायचं टाळू लागल्या. खूप विचारल्यावर म्हणाल्या, "अगं, सामायिकाला बसलं की ब्लाउज मागून वर चढतो. ४८ मिनिटं माझं सगळं लक्ष पदराकडेच!" वयामुळे पाठीला बाक आला होता आणि ब्लाउज मात्र पंधरा वर्षांपूर्वीच्या मापाचे होते.

त्यांच्या आईला ही अडचण आली नसणार. ती खणाची चोळी घालायची. एका चोळीपुरतं कापड म्हणजे एक खण. गुळेदगुड्डचे खण तर आपल्याकडे आजही ओटीत येतात. त्या चोळीला पुढे गाठ असे. दिवस गेले, बाळ अंगावर पिऊ लागलं, अंग भरलं किंवा उतरलं, की गाठ सैल करायची नाहीतर आवळायची. फिटिंग बाईच्या हातात होतं.

मग शिलाई मशीन आलं. आयझॅक सिंगर यांना अमेरिकेत त्याचं पेटंट १८५१ मध्ये मिळालं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये या मशीनला अपवाद मानलं. बायकोचे कष्ट पाहून सिंगरने ते केलं, असं ते म्हणाले. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात बायका शिवण शिकू लागल्या. हळूहळू गाठीच्या जागी हुक आले, टक्स आले. ब्लाउज अंगावर नेमका बसू लागला, पण माप घेतलं त्या दिवसापुरता.

म्हणून घरी शिवणाऱ्या बायका शिवणीच्या आत जादा कापड सोडायच्या. त्याला आपण 'माया' म्हणतो. अंग वाढलं, की एक शिवण उसवायची.

बाकाला मात्र बगलेतली माया पुरत नाही. मी पनवेलच्या घरी सासूबाईंना सामायिकाला बसतात तसंच बसवलं आणि मानेच्या मणक्यापासून माप घेतलं. पाठीची उंची दीड इंच जास्त निघाली, पुढची एक इंच कमी. तसंच बेतलं, आधी कच्चे टाके घालून अंगावर पाहिलं, मगच मशीन चालवलं.

या पर्युषणात त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. पदराला एकदाही हात गेला नाही.

घरातल्या मोठ्यांचं माप या दिवाळीत नव्याने घ्या. आणि माया सोडायला विसरू नका.