चिनी मातीचा तुकडा सांगतो बुडालेल्या जहाजाची कथा

महाड आज समुद्रापासून दूर, डोंगरांच्या कुशीतले शहर वाटते. मात्र एकेकाळी ते सावित्री नदीवरील गजबजलेले बंदर होते. बाणकोटच्या खाडीतून शिरलेली लहान गलबते भरतीच्या पाण्यावर दासगाव आणि महाडपर्यंत येत. तेथे उतरलेला माल वरंध घाटाने भोर-पुण्याकडे, तर पोलादपूरमार्गे पार घाटाने वाईकडे जात असे. अशा जलमार्गांवरील व्यापाराचा एक अत्यंत टिकाऊ पुरावा म्हणजे चिनी मातीच्या भांड्याचा, अर्थात पोर्सेलिनचा तुकडा.

तुकडा टिकतो कसा?

केओलिन ही पांढरी माती आणि विशिष्ट दगडाची पूड यांचे मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजले, की ते काचेसारखे घट्ट होते. त्यात पाणी मुरत नाही. लाकूड आणि कापड समुद्रात कुजते, लोखंड गंजते. पोर्सेलिन मात्र शतकानुशतके टिकते. त्यावरील निळी नक्षी कोबाल्टची असून ती झिलईच्या खाली असल्याने सहसा पुसली जात नाही. नक्षी, झिलई आणि तळाची कडी यांवरून भांड्याचा काळ ठरविता येतो.

गोव्यातील शोध

गोव्यात मुरगावनजीकच्या सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९०च्या दशकाअखेरीस एका बुडालेल्या जहाजाचा शोध घेतला. तेथे चिनी पोर्सेलिनसोबत म्यानमारमधील मर्तबान बरण्यांचे तुकडे, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात आणि तोफा मिळाल्या. हे जहाज सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे आणि पोर्तुगीज असावे, असा निष्कर्ष निघाला. चीन, म्यानमार आणि आफ्रिका यांना जोडणारा व्यापार या वस्तू एकत्र सापडल्यामुळेच उलगडला. रायगड जिल्ह्यातील चौल या प्राचीन बंदराच्या उत्खननातही चिनी पोर्सेलिनचे तुकडे मिळाले आहेत.

जागा महत्त्वाची

एकटा तुकडा फार तर आपले वय आणि मूळ सांगतो. तो व्यापाराचा माल होता की खलाशांच्या जेवणातील वाडगा, हे त्याच्या शेजारी काय आणि किती सापडले, यावरून ठरते. तो जागेवरून हलविला की ही माहिती कायमची जाते. समुद्रातून काढलेले भांडे एकदम वाळविले, तर भेगांमध्ये साचलेल्या मिठाचे स्फटिक होऊन झिलई उखडू शकते. म्हणून ते प्रथम गोड्या पाण्यात ठेवून क्षार काढले जातात.

महाडकरांसाठी हा विषय केवळ इतिहासाचा नाही. २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर सावित्रीतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. शहराच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच होते. परंतु जुन्या बंदराच्या पात्रातील गाळ हा इतिहासाचा दप्तरखानाही असू शकतो. नक्षीदार खापर दिसल्यास ते न उचलता जागेसह छायाचित्र घ्यावे आणि महसूल अधिकाऱ्यांना कळवावे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरातन वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार बंधनकारक आहे.