बीज टाकण्यापूर्वी काठ पाहा

गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. तलाव जितका तुडुंब तितका चांगला, आणि मत्स्यबीज जितके जास्त सोडाल तितके मासे जास्त. नवेगाव बांधासारखा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय समोर असला की हे मत पटतेही. एवढे पाणी आहे आणि मासे मात्र कमी पडतात, तर बीज कमी पडले असणार, असा हिशेब मनात आपोआप जुळतो. हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकलेला आहे, आणि त्याची किंमत तलाव व त्यांवर मासेमारी करणारा ढीवर समाज दोघेही मोजत आहेत, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्षाला न्याय द्यायचा तर त्याचे बळ आधी सांगितले पाहिजे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातील अंगुल येथे पियुषग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन यशस्वी केले. तोवर रोहू-कटल्याचे बीज नदीच्या पुरातून गोळा करावे लागे आणि त्यात नको ते मासेही मिसळून येत. या शोधानंतर हॅचऱ्या उभ्या राहिल्या, मत्स्यजिरे आणि बोटुकली विकत मिळू लागली. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराची ओढ लागते. म्हणून तलावात ते हवे असतील तर बीज दरवर्षी आणणे भाग आहे. शिवाय हे मासे झपाट्याने वाढतात, एकदम विकता येतात आणि त्या पैशातून मत्स्यसंस्थेला तलावाची लीज भरता येते. हा लाभ खरा आहे. तो नाकारून कोणाचे भले होणार नाही.

पण हा सगळा विचार ज्या तळ्याला धरून झाला, ते तळे मत्स्यशेतीचे आहे: मापाचे, खोदलेले, खत आणि खाद्य घातलेले. नवेगावचा बांध तसा नाही. परंपरा सांगते की अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. कोहळ्यांनी या भागात जे शेकडो तलाव घडवले ते भातासाठी. डोंगरांच्या मधली जागा हेरून पाळ घालायची, जास्तीचे पाणी सांडव्याने जाऊ द्यायचे आणि धानाला हवे तेव्हा मोरी उघडायची. त्यामुळे या तलावांचे पाणी वर्षभर एका पातळीवर कधीच नव्हते. पावसाळ्यात ते पसरत असे आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत असे. इथले मासे, वनस्पती आणि पक्षी त्या चढउतारावर जगायला शिकले.

काठावरचा हा उतार जवळून पाहण्यासारखा आहे. पाणी मागे सरकते तसा चिखल उघडा पडतो, वाळतो, तडकतो. भेगांतून हवा आत शिरते आणि वर्षभर साचलेला काडीकचरा कुजून मातीला मिळतो. देवधानाचे, म्हणजे रानभाताचे, बी आणि पाणवनस्पतींचे कंद याच मातीत पावसाची वाट पाहत असतात. मृगाच्या सरी पडल्या की गुडघाभर, कोमट पाणी या काठावर चढते आणि काही दिवसांत तिथे सूक्ष्म जीवांची दाटी होते. मरळीची जोडी अशाच जागी गवतात थोडी मोकळी जागा करते. तिची पिवळसर अंडी पाण्यावर तरंगत राहतात. पिल्ले बाहेर आली की तांबूस-नारिंगी रंगाचा एक थवा पृष्ठभागाजवळ हलताना दिसतो, आणि त्याच्या खाली आईबाप पहारा देत असतात. हे सगळे खोल पाण्यात होत नाही. काठ कोरडा पडून पुन्हा भिजला तरच होते. १९८९ मध्ये युंक, बेली आणि स्पार्क्स या शास्त्रज्ञांनी मोठ्या नद्यांबाबत हेच मांडले: माशांची समृद्धी पुराच्या येण्याजाण्यावर, काठ भिजण्यावर आणि सुकण्यावर उभी असते.

म्हणून बारमाही तुडुंब तलाव हे मत्स्यसंपत्तीचे लक्षण मानणे चूक आहे. उलट टोकही तितकेच घातक. उन्हाळी पिकासाठी शेवटच्या डोहापर्यंत पाणी उपसले तर बीजापुरती मासळीही उरत नाही. मागूर आणि मरळ हवेतला श्वास घेऊन चिखलात तग धरतात. सगळ्यांना ते जमत नाही. घरी मोठे मत्स्यालय ठेवणाऱ्यांना हे गणित ठाऊक असते. त्यांच्या खालच्या टाकीला, म्हणजे संपला, दोन खुणा असतात. पंप कोरडा पडू नये म्हणून खालची, आणि वीज गेल्यावर वरचे पाणी खाली उतरते तेव्हा ते जमिनीवर सांडू नये म्हणून वरची. त्या दोन खुणांमधली रिकामी जागा कोणी वाया गेली असे म्हणत नाही. तलावाच्या उघड्या काठाला मात्र आपण पडीक समजतो, आणि तिथे मुरूम टाकतो किंवा अतिक्रमण होऊ देतो.

आता बीजाकडे वळू. रोहू, कटला, मृगळ यांच्याशी माझे भांडण नाही. त्यांचे मूळ घर प्रामुख्याने गंगेचे खोरे, तरी प्रमाणात सोडले तर ते इथे नांदू शकतात. खरा प्रश्न त्यांच्याबरोबर येणाऱ्या गवत्या (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) माशांचा आहे. सायप्रिनस तळाचा गाळ उकरून खातो, पाणी गढूळ करतो आणि रुजू पाहणारी रोपे उपटतो. गवत्या तर वनस्पतीच खातो. उथळ तळे एकदा पाणवनस्पती गमावून बसले की गढूळपणा टिकून राहतो आणि ते सहजी पूर्ववत होत नाही, हे मार्टेन शेफर यांनी १९९३ मध्ये सविस्तर मांडले. चीनमध्ये वुहानच्या दोंगहू सरोवरात गवत्या सोडल्यानंतर पाणवनस्पती दिसेनाशा झाल्या. आपल्याकडे हिमाचलच्या गोविंदसागरात १९७१ मध्ये चंदेरा (सिल्व्हर कार्प) मासा पुराबरोबर शिरला आणि पुढे त्याने कटल्याला मागे सारले.

यावर उत्तर असे येते की तलाव तणाने भरले आहेत, गवत्या ते साफ करील. मग तण कोणते, ते तरी पाहा. इथल्या काठांचा गळा आवळला आहे तो बेशरमीने. ती विषारी, तिला गुरेही तोंड लावत नाहीत आणि गवत्याही तिच्या वाटेला जात नाही. तो आधी कोवळ्या, बुडालेल्या पाणवनस्पती फस्त करतो, म्हणजे नेमक्या त्याच, ज्यांच्या आडोशाला देशी मासे वाढतात आणि ज्यांवर हिवाळ्यात बदके उतरतात. बेशरमी हातानेच मुळासकट काढावी लागते.

नव्या माशाबरोबर रोगही येतो, हा मुद्दा तर चर्चेत फारसा येतच नाही. १९८८ मध्ये ईशान्य भारतातून व्रणांचा रोग देशात शिरला. अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा. त्यात मरळीसारखे देशी मासे सर्वाधिक मेले. मत्स्यालय ठेवणारा शहाणा हौशी माणूस नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मुख्य टाकीत सोडतो. लाखो बोटुकलींना हे कसे जमणार, असा आक्षेप रास्त आहे. पण या जिल्ह्यांत बोड्या, म्हणजे छोटी तळी, आहेत. बीज आधी बोडीत किंवा बारीक जाळीच्या हाप्यात ठेवले, मिठाच्या पाण्यातून काढले आणि काही दिवस पाहिले तर रोग उघडा पडतो, बोटुकली मोठी होते आणि कमी बीजात काम भागते.

सोडण्याची रीतही महत्त्वाची आहे. ऑक्सिजन भरलेली पिशवी बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगू द्यावी, म्हणजे तापमान जुळते. प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी होते आणि त्यामुळे साचलेला अमोनिया सौम्य राहतो. तोंड उघडताच वायू निघून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पिशवी उघडून मग तासभर ताटकळत ठेवणे चूक. उघडल्यावर तलावाचे थोडे थोडे पाणी आत घ्यावे, मासे आपणहून बाहेर पडू द्यावेत आणि हे काम भर दुपारी करू नये.

वेगळा मार्ग याच भागात चालून दाखवला गेला आहे. मनीष राजनकर यांनी ढीवरांकडील वनस्पती आणि माशांचे ज्ञान टिपून तलाव सावरण्याचे काम उभे केले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या स्त्रिया त्यात पुढे आल्या. बेशरमी काढायची, उन्हाळ्यात कोरडा काठ नांगरायचा, पावसाळ्यात स्थानिक पाणवनस्पती रोवायच्या, आणि मग देशी मासे परततात का ते पाहायचे. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडे असेच ज्ञान होते, आणि निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांनी त्यांचे ऋण आपल्या लेखनात मानले आहे. पाण्यात उतरून मिळवलेल्या या ज्ञानाचे मोल कागदावरच्या बीजाच्या आकड्यापेक्षा जास्त आहे.

मत्स्यसंस्थांच्या सभासदांना माझी विनंती आहे. पुढच्या पावसाळ्याच्या बीजाची मागणी नोंदवण्याआधी मे महिन्यात एकदा सगळ्यांनी मिळून काठावरून फिरा, सोबत पाणी वापरणारे शेतकरीही घ्या. किती काठ उघडा ठेवायचा, कोणत्या डोहाला हात लावायचा नाही, हे तिथेच ठरवा आणि ठरावात लिहा. आणि बीजाच्या यादीतून गवत्या व सायप्रिनस ही दोन नावे कायमची काढून टाका.