हात तुटला तर हिशेब कुणाकडं?

बाबासाहेब म्हटलं की आपल्याला महाड आठवतं, काळाराम आठवतो, घटना आठवते. जुलै १९४२ ते जून १९४६ ही चार वर्षं मात्र आपण भरभर ओलांडतो. त्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराच्या सरकारी विम्याचा पाया तेव्हाच घातला गेला. तो का घालावा लागला?

१९२३ साली इंग्रज सरकारनं कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. कामावर जीव गेला तर वारसाला तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातली जी रक्कम कमी असेल ती. जी कमी असेल ती! पैसे मालकानं द्यायचे, पण त्यानं विमा उतरवलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती. मालक बुडाला की भरपाई बुडाली. विमा असला तर समोर कंपनी. तिला एक रुपया कमी देणं म्हणजे एक रुपया नफा. मग अपघात कामामुळंच झाला कशावरून? हुकूम मोडला होतास का? बोटं गेलेला, अंगठेबहाद्दर माणूस एकीकडं आणि वकील दुसरीकडं.

यात आपला माणूस कुठं होता? मुंबईच्या गिरण्यांत विणाई खातं त्याला बंद. धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढं आणला. बऱ्या पगाराचं खातं बंद, आणि भरपाई तर पगाराच्या पटीत. म्हणजे जातीनं आधी मजुरी कापली, मग कायद्यानं मढ्याची किंमत कापली.

मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडं आजारविम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी पुढं अपघात आणि बाळंतपणही त्यात घ्यायला सांगितलं. यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली.

मुद्दा साधा होता. सगळ्यांनी पगाराप्रमाणं एकाच पेटीत टाकायचं, पडेल त्याला पेटीनं उचलायचं. जुलै २०१९ मध्ये वर्गणी मालकाची ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के अशी ठरली. हात गेला तर नुकसानीच्या प्रमाणात दरमहा पैसे, माणूस गेला तर घरच्यांना पेन्शन. मालक बुडाला म्हणून पेटी बुडत नाही.

२८ फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली म्हणाले, कामगाराला राज्य विमा किंवा बाजारातला आरोग्य विमा निवडता आला पाहिजे. कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या. निवड! शब्द गोड आहे. पण तरणा, धडधाकट, बऱ्या पगाराचा बाहेर पडला की पेटीत उरतात म्हातारे, आजारी, कमी पगाराचे. मग पेटी रिकामी झाली म्हणून ती मोडीत काढायला कुणीही मोकळं. बाजारातली आरोग्य पॉलिसी दवाखान्याचं बिल भरेल, पण तुटलेल्या हाताचा जन्मभर महिना भरेल काय?

सरकारी विम्याच्या दवाखान्यात रांगा आहेत, औषधं संपलेली असतात, हे खरंय. त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण घर गळतंय म्हणून कुणी घर सावकाराला देत नाही, छप्पर शाकारतो.

आणि पेटीबाहेर कोण आहे तेही बघा. गटारात उतरणाऱ्याचं नाव ठेकेदार हजेरीवर लावतच नाही. तो मेला की भरपाईचा आकडा कोर्टाला सांगावा लागतो : २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं दहा लाख सांगितले, २०२३ मध्ये तीस लाख. तेही मेल्यावर. जिवंतपणी त्याच्या नावाची वर्गणी कोण भरतो?

आपापल्या वस्तीत हे विचारा. कुणाचं नाव हजेरीवर आहे, कुणाचं विमा कार्ड निघालंय, कुणाचा पगार कापून वर्गणी भरलीच नाही, याची यादी करा आणि ती घेऊन विमा कचेरीवर जा. पेटी आपल्या घामानं भरलेली आहे. ती विकू द्यायची नाही, आणि बाहेर राहिलेल्याला आत घेतल्याशिवाय गप्प बसायचं नाही.

जय भीम.