देवानं दिलेली जागा

मशीद बंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून मांडवीकडे चालू लागलं, की मसाल्याच्या आणि सुक्या मेव्याच्या वखारींमधून वाट काढत माणूस सॅम्युअल स्ट्रीटला पोचतो. तिथं गर्दीत दबलेलं एक सिनेगॉग आहे, शाआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. मराठी बोलणारे आपले बेने इस्राएल यहुदी त्याला 'जुनी मशीद' म्हणत आले. त्याची स्थापना 1796 सालची, आणि मुंबईतलं ते सर्वांत जुनं सिनेगॉग. ज्यानं ते उभारलं त्याच्या नावाची ही गल्ली: सॅम्युअल इझिकेल दिवेकर, घरच्या भाषेत सामाजी हसाजी दिवेकर.

रेल्वेच्या रुळांपलीकडे, कर्नाक बंदरला, एका लोखंडाच्या पेढीवर मी कारकून होतो. पाटण तालुक्यातून आलेला पोरगा, त्याला यहुदी म्हणजे काय ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. आमच्या पेढीचे हिशेब तपासायला एक वयस्कर गृहस्थ यायचे. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ, मूळ पेणकडचं. शनिवारी मात्र ते कधीच यायचे नाहीत. एकदा कारण विचारलं आणि मग पुढं कितीतरी दुपारी त्यांच्या समाजाची गोष्ट ऐकत बसलो. आम्ही त्यांना काका म्हणत असू.

ती गोष्ट नवगावपासून सुरू होते. अलिबागजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यावरच पुरलं. ही त्यांची परंपरा. पुढं शेकडो वर्षं ही माणसं जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत घाण्यावर तेल काढत राहिली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावाच्या नावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. धर्मग्रंथ जवळ नव्हता, प्रार्थनास्थळ नव्हतं. सुंता, शनिवारची विश्रांती आणि 'शमा'ची प्रार्थना एवढ्यावर त्यांनी आपला धर्म टिकवला. अडीअडचणीला एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घ्यायचं आणि पोहे, खोबरं, फळं मांडून मलिद्याचा विधी करायचा. कोकणातल्या माणसाला नवस काय असतो ते वेगळं सांगावं लागत नाही, यांनाही लागलं नाही.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईला आली आणि कंपनीच्या पलटणीत शिरली. सामाजी त्यातलाच, देशी अधिकाऱ्याच्या हुद्द्यापर्यंत चढलेला. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, म्हणजे 1780 ते 1784 च्या दरम्यान, तो टिपूच्या कैदेत पडला. कैद्यांचं काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की यांची जात कोणती असं विचारलं गेलं तेव्हा उत्तर आलं, 'बेने इस्राएल'. ते टिपूच्या आईच्या कानावर गेलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते लोक आपण कधी पाहिले नाहीत, त्यांना मारू नये, असा शब्द तिनं टाकला आणि जीव वाचला. सामाजीनं नवस केला होता: सुखरूप मुंबईला पोचलो तर तुझं घर बांधीन.

मंगळूरचा तह मार्च 1784 मध्ये झाला आणि त्यात दोन्हीकडचे कैदी सोडायचं ठरलं. इतिहास लिहिणारा म्हणेल, सुटका तहामुळे झाली. मला त्यात भांडण दिसत नाही. तहाच्या दिवसापर्यंत माणूस जिवंत राहिला तरच तह त्याच्या कामाचा.

पण काका नेहमी एका गोष्टीवर थांबायचे, आणि माझ्या मनात तीच रुतून बसली. 1784 ते 1796, बारा वर्षं. "नवस बोलला म्हणून दुसऱ्या दिवशी मशीद उभी राहिली नाही, बरं का. पगार साठवला त्यानं." सिनेगॉग त्यानं स्वखर्चानं उभारलं. समाजाकडे तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, हस्तलिखित गुंडाळी नव्हती. ती आणायला तो कोचीनच्या यहुद्यांकडे गेला आणि 1797 साली तिथंच वारला, असं बेने इस्राएलांचा इतिहास सांगतो. आपण बांधलेल्या घरात त्याला जेमतेम वर्षभर प्रार्थना करता आली असेल. 1860 च्या सुमारास सिनेगॉग नव्यानं बांधलं गेलं. गल्लीचं नाव मात्र तेच राहिलं.

त्यानंतर कोकणात एकामागून एक सिनेगॉगं उभी राहिली. रेवदंड्याचं 1842 मधलं, पनवेलचं बेथ एल 1849 मधलं. पनवेलचं, आता मी राहतो त्या कळंबोलीपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. वस्ती बहुतेक इस्राएलला निघून गेली, पण इमारत उभी आहे.

आपल्याकडे देवस्थानाच्या जन्माच्या कथा अशाच असतात. जीव वाचतो, स्वप्न पडतं, तळ्यात मूर्ती सापडते आणि मग दगड रचला जातो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं खोपोलीकडे जाताना महडचा वरदविनायक लागतो. 1690 साली तिथल्या तळ्यात मूर्ती सापडली आणि 1725 साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी देऊळ बांधलं असं सांगतात. मुंबईच्या महालक्ष्मीची कथा तर एका सरकारी कामातून निघाली. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात वरळीची खाडी बांध घालून बंद करायची होती. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. पाठारे प्रभू समाजातल्या रामजी शिवजींना स्वप्न पडलं, समुद्रातून देवींच्या मूर्ती वर काढल्या आणि मग बांध टिकला, अशी ती कथा. 1784 च्या सुमाराला बांध पुरा झाला आणि त्याच्या बक्षिसादाखल मिळालेल्या जागेवर देऊळ उभं राहिलं. दिवेकरची सुटकाही त्याच वर्षांतली. एकाच शहरात, एकाच काळात, दोन माणसांना वाटलं की देवानं आपल्याला हात दिला, आणि दोघांनी त्याचा हिशेब दगड-चुन्यात चुकता केला.

आता या कथांची दुसरी बाजू. ती लिहायला जड जाते, पण लिहिली पाहिजे. 1739 साली वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला. किल्ला पडला तर देऊळ बांधीन. मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकडून देऊळ बांधवून घेतलं. आजही ते लहानशा किल्ल्यासारखंच दिसतं. आमच्या लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा अंगावर काटा यायचा, आणि अजूनही येतो. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले आणि त्या देवळांमध्ये टांगल्या गेल्या. त्यातली एक भीमाशंकरला आहे, तिच्यावर साल कोरलेलं आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली 1721 ची. त्या घंटेखाली मी हात जोडून उभा राहिलो आहे. आमच्या माणसांनी जुलमी सत्ता मोडली हे खरं. पण ती घंटा आधी ज्यांना प्रार्थनेला बोलवायची त्यांनाही ती देवानंच दिली असं वाटत असणार. एकाला कौल मिळतो तेव्हा दुसऱ्याचं काही जातं. त्या दुसऱ्याचं नाव कथेत येत नाही, ही अशा कथांमधली उणीव आहे.

हे मला कळंबोलीला आल्यावर नीट कळलं.

मुंबईतली गर्दी कमी करायची म्हणून लोखंड बाजार कर्नाक बंदरहून इकडे आणायचं ठरलं आणि आमच्या पेढीनंही गाळा घेतला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली, त्यात कळंबोलीही. आम्ही आलो तेव्हा सगळीकडे भराव, मुरूम, डंपर आणि मधेच भाताच्या खाचराचा एखादा उरलेला बांध. त्या बांधावरून मालाचे ट्रक मोजताना आमच्या मनात कधी आलं नाही की हा कुणाचा तरी बांध आहे. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात दास्तान फाटा आणि पागोटे इथं जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. बाजार, वसाहती, एक्स्प्रेस वे, हे सगळं त्या मातीवर उभं आहे.

आणि देवळंही. बाहेरून आलेला प्रत्येक समाज आपला देव घेऊन आला. घाटावरच्या माथाडींनी विठोबा आणि मारुती आणला, ट्रकवाल्या शीख मंडळींनी गुरुद्वारा उभारला, कोणी चर्च, कोणी मशीद, कोणी बुद्धविहार. सिडकोनं धार्मिक वापरासाठी भूखंड राखून ठेवलेले असत. आमच्या सेक्टरातल्या मंडळालाही असा एक मिळाला. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्थेची नोंदणी, मग अर्ज, मग हप्ते. वाटपाचं पत्र आलं तो दिवस एकादशीचा निघाला आणि आमच्या मुकादमांनी पत्र डोक्याला लावलं. पांडुरंगानंच जागा दिली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

देऊळ कसं झालं ते माझ्याजवळ कागदोपत्री आहे, कारण हिशेब माझ्याकडे होता. सळई व्यापाऱ्यांनी दिली: खांबांना 16 मिलिमीटरची, स्लॅबला 8 आणि 10 ची. प्रत्येक गाडीची काट्यावरची चिठ्ठी मी फायलीत लावलेली आहे, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, खाली काटेवाल्याची सही. काही चिठ्ठ्यांवर पावसाचे डाग आहेत. माथाडींच्या टोळ्यांनी एकेका दिवसाची वाराई, म्हणजे हमाली, दिली. ती रोज वेगळी येते म्हणून एका टोळीचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि कुणी कधी जुळवूही पाहिला नाही. बांधणीची तार वळणारी, सेंटरिंग ठोकणारी पोरं बिहारची आणि कर्नाटकातली होती. त्यांची नावं मजुरीच्या कागदावर आहेत, भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर नाहीत. पाटीवर पाच हजारांच्या वरचे देणगीदार आहेत.

26 जुलै 2005 ला कळंबोली बुडाली. ही वसाहत मुळातच सखल, भरतीच्या पातळीखाली गेलेली, म्हणून पाणी साठवायला धारण तलाव केलेले. त्या रात्री पाणी कुठंच मावलं नाही. तळमजल्याच्या घरांत छातीइतकं चढलं. आमच्या देवळावर वर एक खोली होती, भजनी मंडळानं टाळ-मृदंग ठेवायला हट्टानं बांधून घेतलेली. त्या खोलीत बायका-पोरं, एक बाळंतीण, शेजारचं मुसलमान कुटुंब आणि गावठाणातल्या एक आजी बसून राहिल्या. सकाळी सगळे म्हणत होते, देवानं आधीच खोली बांधून घेतली होती. मला ते पटतं. भजनी मंडळाच्या ज्या म्हाताऱ्यानं खोलीसाठी आमच्याशी भांडण काढलं होतं, त्याच्या तोंडून देवच बोलत होता असं मी आजही मानतो.

त्याच रात्री त्या गावठाणातल्या आजींनी खिडकीतून पाण्याकडे बघत सांगितलं की हे देऊळ आहे तिथं त्यांच्या सासऱ्यांचं खाचर होतं. त्या तक्रार करत नव्हत्या. पाणी उतरायची वाट इकडून असायची, आमच्या बांधाकडून, एवढंच म्हणाल्या. खोलीत कोणी काही बोललं नाही. मी हिशेब ठेवणारा माणूस. देणगीच्या वहीत आमच्या सगळ्यांची नावं होती आणि ज्यांच्या जमिनीवर पांडुरंग उभा होता त्यांचं कुठंच नव्हतं.

देवाची कृपा झाली असं ज्याला खरंच वाटतं, तो दिवेकरासारखा बारा वर्षं पगार साठवतो. कृपा म्हणजे त्याच्या डोक्यावरचं कर्ज असतं. अलीकडे मी वेगळंच बघतो. रात्रीत एखाद्या रिकाम्या भूखंडावर किंवा रस्त्याच्या कडेला मूर्ती 'प्रकटते', सकाळी चौथरा, आठवड्यात पत्रा, महिन्यात दानपेटी. विचारलं तर उत्तर तयार, देवानंच जागा निवडली. सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2009 ला सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नयेत असा आदेश दिला, तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे. मग पाडायला माणसं येतात, आरडाओरडा होतो, देवाची विटंबना होते. त्या विटंबनेचा दोष मी जेसीबी चालवणाऱ्याला देत नाही. ज्यानं देवाचं नाव सातबाऱ्यासारखं वापरलं त्याला देतो.

कळंबोलीत, खारघरात, उलव्यात ज्या मंडळांना देवळं, विहार, गुरुद्वारे, चर्च, मशिदी बांधायच्या आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. कोनशिला बसवाल तेव्हा देणगीदारांच्या नावांच्या वर दोन ओळी मोकळ्या ठेवा. तलाठ्याकडे जाऊन जुना सातबारा काढा, संपादनाच्या आधी ते शेत कुणाच्या नावावर होतं ते बघा आणि ते नाव, जुन्या सर्व्हे नंबरासकट, तिथं कोरून घ्या. आमच्या विश्वस्तांनी हे मान्य केलं आहे.